परभणीतील शिवसेना मतदारांचा भ्रमनिरास

परभणीतील शिवसेना मतदारांचा भ्रमनिरास ही मराठवाड्याच्या निवडणूक-इतिहासातील एक दीर्घ आणि काहीशी विलक्षण प्रक्रिया होय. परभणी लोकसभा मतदारसंघाने १९८९ पासून, १९९८ चा एकमेव अपवाद वगळता, प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीत शिवसेनेचा उमेदवार निवडून दिला. या मतदाराने निवडून दिलेले खासदार मात्र एकापाठोपाठ एक पक्षापासून दुरावत गेले. पुढे पक्षाने ज्यांच्याविरुद्ध आयुष्यभर प्रचार केला त्यांच्याशीच सत्तेसाठी आघाडी केली, आणि अखेरीस पक्ष दुभंगून त्याचे नाव व चिन्हही जुन्या नेतृत्वाच्या हातून गेले. इतके होऊनही हा मतदार मोठ्या संख्येने दुसऱ्या पक्षाकडे गेला नाही. त्याची नाराजी पक्षत्यागापेक्षा वेगळ्या वाटांनी प्रकट होत राहिली.

संज्ञा

राज्यशास्त्रात ज्याला परंपरानिष्ठ किंवा उजव्या विचारांचा मतदार म्हणतात, तो परभणीत पाश्चात्त्य ग्रंथांतील व्याख्येप्रमाणे आढळत नाही. इंग्लंड-अमेरिकेतील परंपरानिष्ठ मतदार सरकारने बाजारात हस्तक्षेप करू नये असे म्हणतो. परभणीचा शिवसेना मतदार बहुतांशी शेतकरी असून कापूस व सोयाबीन सरकारने हमीभावाने खरेदी करावे, अशीच त्याची अपेक्षा असते. त्याची परंपरानिष्ठा धर्म, गावगाडा, सणउत्सव आणि निजामी राजवटीची स्मृती यांत आहे. गावचा हरिनाम सप्ताह, गणेश मंडळ आणि शिवसेनेची शाखा या तिन्ही ठिकाणी बहुधा तीच माणसे दिसतात. प्रस्तुत लेखात ‘परंपरानिष्ठ’ हा शब्द या मर्यादित अर्थाने वापरला आहे.

पार्श्वभूमी

परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. रझाकारांच्या अत्याचारांच्या आठवणी कित्येक घरांत पिढ्यानपिढ्या सांगितल्या गेल्या. स्वातंत्र्यानंतर मराठवाड्यावर काँग्रेसचे वर्चस्व राहिले, तरी परभणीत काँग्रेसविरोधाचा एक स्वतंत्र प्रवाह आरंभापासून होता. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत येथून शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे निवडून आले, आणि १९७७ मध्ये त्याच पक्षाचे शेषराव देशमुख विजयी झाले. शेतकरी कामगार पक्ष डाव्या विचारांचा होता, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. त्याच्या ऱ्हासानंतर काँग्रेसविरोधी शेतकरी मतदाराला घर उरले नाही, आणि हे रिकामे घर पुढे शिवसेनेने व्यापले. डावीकडून उजवीकडे झालेले हे स्थलांतर विचारांच्या मंथनातून झाले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. साखर कारखाना, जिल्हा बँक आणि बाजार समिती ज्यांच्या हाती होती, त्यांच्याविरुद्धचा राग हा दोन्ही काळांतील समान धागा होता.

१९ जून १९६६ रोजी मुंबईत स्थापन झालेली शिवसेना जवळजवळ दोन दशके मुंबई-ठाण्याच्या परिसरापुरती होती. १९८५ नंतर तिने ग्रामीण महाराष्ट्रात शाखा उघडण्याचा निर्णय घेतला आणि त्याला सर्वाधिक प्रतिसाद मराठवाड्यात मिळाला. यामागे तीन कारणे होती. मुस्लिम लोकसंख्या लक्षणीय असलेल्या शहरांतील धार्मिक तणाव, २७ जुलै १९७८ च्या विधिमंडळ ठरावानंतर मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून उसळलेला सवर्ण रोष, आणि शिकूनही बेकार राहिलेला ग्रामीण तरुण. नामांतराला शिवसेनेने विरोध केला. दलित समाजाशी पडलेली ती दरी भरून यायला पुढे अनेक वर्षे लागली. ‘खान हवा की बाण हवा’ ही घोषणा या काळात मराठवाडाभर गाजली. तिने मते मिळवून दिली, पण परभणीसारख्या मिश्र वस्तीच्या शहरात शेजाऱ्यापाजाऱ्यांतील संबंध तिने बराच काळ कडवट करून ठेवले.

खासदार जातात, मतदार राहतो

१९८९ मध्ये शिवसेनेने उभे केलेले अशोकराव देशमुख परभणीतून लोकसभेवर निवडून गेले. शिवसेनेला राज्यपातळीवरील पक्षाची मान्यता आणि धनुष्यबाण हे चिन्ह मिळण्यात परभणीच्या या विजयाचा मोठा वाटा होता, असे येथील जुने शिवसैनिक अभिमानाने सांगतात. हा अभिमान समजून घेतल्याशिवाय पुढील घटनांची तीव्रता कळत नाही. चिन्ह मुंबईहून आले नाही, ते आपण मुंबईला मिळवून दिले, अशी ही भावना आहे.

देशमुख १९९१ मध्ये पुन्हा निवडून आले आणि त्यानंतर काँग्रेसमध्ये गेले. पक्षांतरबंदी कायद्यात त्या वेळी संसदीय पक्षातील एक-तृतीयांश सदस्यांच्या फुटीला मुभा होती. शिवसेनेचे महाराष्ट्रातून अवघे चार खासदार असल्याने दोघे-तिघे बाहेर पडणे अवघड नव्हते. ही मुभा २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने काढून टाकण्यात आली.

मतदाराने याचे उत्तर १९९६ मध्ये दिले. नवा उमेदवार सुरेश जाधव, चिन्ह तेच, आणि निकालही तोच. १९९८ मध्ये मात्र काँग्रेसचे सुरेश वरपूडकर विजयी झाले. त्या निवडणुकीत काँग्रेस, रिपब्लिकन गट आणि समाजवादी पक्ष एकत्र आल्याने शिवसेनेच्या राज्यातील जागा १५ वरून ६ वर घसरल्या होत्या. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारविषयीची शेतकऱ्यांची निराशाही त्यात मिसळलेली होती. पुढच्याच वर्षी काँग्रेस फुटून राष्ट्रवादी काँग्रेस निघाली, आणि १९९९ मध्ये सुरेश जाधव पुन्हा लोकसभेत पोहोचले.

२००४ मध्ये पक्षाने तुकाराम रेंगे पाटील यांना उमेदवारी दिली. परभणी विधानसभा मतदारसंघातून ते १९९५ व १९९९ असे दोनदा निवडून आले होते, म्हणजे शाखेशाखेत परिचित असलेले नेते होते. त्यामुळे त्यांच्या बाबतीत जे घडले ते कार्यकर्त्यांना विशेष लागले. २२ जुलै २००८ रोजी अमेरिकेबरोबरच्या अणुकराराच्या प्रश्नावर मनमोहनसिंग सरकारने लोकसभेत विश्वासदर्शक ठराव मांडला. सरकारने तो २७५ विरुद्ध २५६ मतांनी जिंकला. शिवसेनेने विरोधात मतदानाचा आदेश दिला असताना रेंगे पाटील यांनी मतदानात भाग घेतला नाही. पक्षाने त्यांची हकालपट्टी केली आणि कालांतराने ते काँग्रेसमध्ये गेले. परभणीच्या बाजारपेठेत त्या दिवसांत अणुकरार काय आहे याची कोणाला फारशी पडली नव्हती. आपला माणूस ऐन वेळी उभा राहिला नाही, एवढीच गोष्ट लोकांना कळली.

२००९ मध्ये गणेशराव दुधगावकर निवडून आले. शिक्षणसंस्था चालवणारे म्हणून त्यांची जिल्ह्यात ओळख होती, परंतु शाखेतून घडलेले ते नेते नव्हते. २०१४ पर्यंत त्यांचेही पक्षाशी नाते उरले नाही. एव्हाना शिवसेनेचा खासदार पक्षात टिकत नाही ही परभणीची ओळखच होऊन बसली होती. वृत्तपत्रांत ती दर निवडणुकीला छापून येई आणि विरोधक ती प्रचारात वापरीत.

या साऱ्या काळात मतदाराचे वर्तन एका साच्याचे दिसते. उमेदवारावरील राग तो पक्षावर काढीत नसे, पक्षाने माणूस बदलावा एवढीच त्याची अट असे. खासदाराने दगा दिला तर तो गद्दार ठरे, धनुष्यबाण निष्कलंक राही. मतदानाला जाताना उमेदवाराचे नाव विचारणारा हा मतदार नव्हता. या निष्ठेची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. चिन्हावर मत पडणारच अशी खात्री झाल्यावर उमेदवार निवडताना पक्षनेतृत्वाला स्थानिकांचे मत विचारण्याची गरज भासेनाशी झाली. तिकिटे मुंबईत ठरत, जिल्ह्यात संपर्कप्रमुख येऊन सांगत. मतदाराच्या निष्ठेनेच त्याचा आवाज क्षीण केला, असे म्हटले तर ते अन्यायाचे होणार नाही.

लोकसभेतील यशाच्या मानाने विधानसभेत शिवसेनेचा विस्तार कधीच झाला नाही. परभणी शहराची जागा १९९० पासून पक्षाकडे अखंड राहिली. तेथून हनुमंतराव बोबडे, रेंगे पाटील, संजय जाधव आणि राहुल पाटील हे क्रमाने निवडून आले. परंतु २०१४ आणि २०१९ या दोन्ही विधानसभा निवडणुकांत जिल्ह्यातील चारपैकी ही एकच जागा पक्षाला मिळाली. जिंतूर, गंगाखेड आणि पाथरी येथे स्थानिक घराणी, कारखाने व जातीची गणिते वरचढ ठरत. एकच शेतकरी दिल्लीसाठी बाणाला आणि मुंबईसाठी गावच्या पुढाऱ्याने सांगितलेल्या चिन्हाला मत देई, आणि त्यात त्याला विसंगती वाटत नसे.

संजय जाधव आणि आघाडीचा काळ

संजय जाधव (बंडू जाधव) हे २००४ व २००९ मध्ये परभणीचे आमदार होते. २०१४ मध्ये त्यांनी लोकसभेला राष्ट्रवादी काँग्रेसचे विजय भांबळे यांचा १,२७,१५५ मतांनी पराभव केला. २०१९ मध्ये राष्ट्रवादीच्याच राजेश विटेकर यांच्याविरुद्ध हे मताधिक्य ४२,१९९ पर्यंत खाली आले. वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराने सुमारे दीड लाख मते घेतली नसती तर निकाल काय लागला असता, याची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली. देशभर भाजप-मित्रपक्षांची लाट असताना पाच वर्षांत मताधिक्य एक-तृतीयांशावर येणे हे नाराजीचे स्पष्ट चिन्ह होते.

या दोन्ही लढतींत समोरचा पक्ष राष्ट्रवादी काँग्रेस होता, हा तपशील पुढील घटनाक्रमात निर्णायक ठरतो. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर शिवसेनेने भाजपशी असलेली युती तोडली आणि २८ नोव्हेंबर २०१९ रोजी उद्धव ठाकरे यांनी काँग्रेस व राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. मुंबईत ही तडजोड तीन नेत्यांच्या बैठकांत झाली. परभणीत मात्र तिचा अर्थ असा होता की, सहा महिन्यांपूर्वी ज्यांच्याविरुद्ध गावोगाव भांडून मते मिळवली, त्यांचेच आता सरकार दरबारी चालणार.

हा ताण ऑगस्ट २०२० मध्ये उघड झाला. जिंतूर कृषी उत्पन्न बाजार समितीवर अशासकीय प्रशासक मंडळ नेमताना राष्ट्रवादीला झुकते माप मिळाले. त्यावर खासदार संजय जाधव यांनी पक्षप्रमुख उद्धव ठाकरे यांच्याकडे राजीनाम्याचे पत्र पाठवले. आपण जिल्ह्यातील कार्यकर्त्यांना न्याय देऊ शकत नसू तर पदावर राहण्याचा आपल्याला अधिकार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. पुढे समजूत काढण्यात आली आणि राजीनामा मागे पडला.

एका तालुक्याच्या बाजार समितीवरून खासदाराने राजीनामा द्यावा, हे मोठ्या शहरातील वाचकाला अतिरेकी वाटेल. परंतु बाजार समिती म्हणजे केवळ धान्याचा लिलाव नव्हे. शेतमालाची आवक, मापाई, आडत, गाळ्यांचे वाटप आणि हमाल-व्यापाऱ्यांचे परवाने यांवर तिचे नियंत्रण असते. ग्रामीण भागात कार्यकर्त्याला पक्ष देऊ शकेल असे जे थोडे असते, त्यात संचालकपद हे मोठे. वीस-पंचवीस वर्षे खिशातले पैसे घालून झेंडे लावणाऱ्या शाखाप्रमुखाला आपलीच सत्ता आल्यावर तेही मिळू नये, हे दुःख त्या पत्रामागे होते. हिंदुत्व सोडले की नाही हा वाद वृत्तवाहिन्यांवर चालू होता, जिंतूर-सेलू भागातील कार्यकर्त्याचा प्रश्न अधिक जवळचा होता.

फूट आणि चिन्हाचा प्रश्न

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांनी बंड केले. २९ जूनला ठाकरे यांनी राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी शिंदे मुख्यमंत्री झाले. शिंदे यांनी बंडाचे जे कारण सांगितले ते नेमके परभणीच्या पत्रातल्यासारखे होते: आघाडीत शिवसैनिकाची गळचेपी होते आणि मूळ विचार बाजूला पडतो. तेव्हा परभणीचे खासदार व आमदार त्यांच्याकडे जातील असा अनेकांचा होरा होता. जुलै २०२२ मध्ये शिवसेनेचे बारा खासदार शिंदे यांच्याबरोबर गेले, शेजारच्या हिंगोलीचे हेमंत पाटीलही त्यांत होते. संजय जाधव आणि आमदार राहुल पाटील मात्र ठाकरे यांच्याकडेच राहिले.

खासदाराने पक्ष सोडायचा आणि मतदाराने राहायचे, हा तीन दशकांचा क्रम येथे प्रथमच मोडला. खासदार राहिला आणि चिन्ह गेले. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव व धनुष्यबाण शिंदे गटाला दिले. ठाकरे गट शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) या नावाने आणि मशाल या चिन्हावर उरला. माणसापेक्षा चिन्हाला मानणाऱ्या मतदारापुढे हा मोठाच पेच होता.

२०२४ ची लोकसभा निवडणूक

महायुतीने परभणीची जागा राष्ट्रीय समाज पक्षाचे महादेव जानकर यांना सोडली. जानकर मूळचे सातारा जिल्ह्यातील. त्यांचे चिन्ह शिट्टी होते. परिणामी पस्तीस वर्षांत प्रथमच परभणीच्या मतपत्रिकेवर ना धनुष्यबाण होता ना कमळ. शिवसेनेच्या जुन्या मतदाराला मशाल ओळखून घ्यावी लागली, आणि भाजपच्या निष्ठावंताला शिट्टीपुढचे बटण दाबण्यास सांगण्यात आले. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २० एप्रिलला परभणीत सभा घेतली. मतदान २६ एप्रिलला झाले.

संजय जाधव यांना ६,०१,३४३ आणि जानकर यांना ४,६७,२८२ मते पडली. मताधिक्य १,३४,०६१ म्हणजे २०१४ पेक्षाही अधिक होते. वंचितचे उमेदवार, हवामान अंदाजांमुळे शेतकऱ्यांत प्रसिद्ध असलेले पंजाबराव डख, यांना एक लाखाच्या आत मते मिळाली.

या आकड्यांवरून जुना मतदार जसाच्या तसा मशालीकडे गेला असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. मतदारसंघाची घडण त्या निवडणुकीत बदलली होती. १ सप्टेंबर २०२३ रोजी शेजारच्या अंबड तालुक्यातील आंतरवाली सराटी येथे आंदोलकांवर लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाचा प्रश्न पेटला. मराठा समाजाचा रोष सत्ताधाऱ्यांवर होता. जानकर धनगर समाजाचे असल्याने लढतीला मराठा विरुद्ध इतर मागास असा रंग आला. सोयाबीनचा हमीभाव ४,६०० रुपये क्विंटल असताना बाजारात त्याहून कमी भाव मिळत होता. शिवाय आघाडीमुळे मुस्लिम व दलित मते मोठ्या प्रमाणावर मशालीला पडली. ‘खान हवा की बाण हवा’ या घोषणेवर ज्या पक्षाचा पाया घातला गेला, त्याच्या उमेदवाराच्या विजयात मुस्लिम वस्त्यांचा मोलाचा वाटा असावा, ही या इतिहासातील सर्वांत लक्षणीय घटना मानावी लागेल. जुन्या शिवसैनिकांपैकी काहींना ती पचली नाही, काहींनी ती काळाची गरज म्हणून स्वीकारली, आणि काहींना त्यात एक जुने ओझे उतरल्यासारखे वाटले.

तुलना

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये असे मांडले की, संस्थेवर नाराज झालेल्या माणसापुढे बाहेर पडणे किंवा आत राहून आवाज उठवणे हे दोन मार्ग असतात, आणि निष्ठा त्याला पहिल्या मार्गापासून रोखून धरते. कॅनडात १९९३ मध्ये परंपरानिष्ठ मतदार बाहेर पडला आणि सत्तेवर असलेला प्रोग्रेसिव्ह काँझर्व्हेटिव्ह पक्ष दोन जागांवर आला. ब्रिटनमध्ये २०२४ साली काँझर्व्हेटिव्ह पक्ष १२१ जागांवर घसरला, त्यातही उजवीकडील नव्या पक्षाने घेतलेल्या मतांचा हात होता.

बाहेर पडण्याचे उदाहरण परभणीला फार दूर शोधावे लागत नाही. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे २०१९ मध्ये शिवसेनेचे चंद्रकांत खैरे हे एमआयएमच्या इम्तियाज जलील यांच्याकडून ४,४९२ मतांनी हरले. शिवसेनेचे माजी आमदार हर्षवर्धन जाधव अपक्ष उभे होते आणि त्यांना सुमारे २ लाख ८३ हजार मते मिळाली. चार वेळा निवडून दिलेल्या खासदाराला कंटाळलेल्या मतदाराने तेथे पर्याय शोधला, त्याची किंमत पक्षाने मोजली. परभणीत खासदारच बदलत राहिल्याने असा कंटाळा साचला नाही. पक्षांतर करणाऱ्यांनी नकळत पक्षावर उपकारच केले, असे विनोदाने म्हणता येईल.

२०२४ ची विधानसभा निवडणूक

नोव्हेंबर २०२४ मध्ये परभणी विधानसभा मतदारसंघात मशाल आणि धनुष्यबाण प्रथमच समोरासमोर आले. ठाकरे गटाचे राहुल पाटील यांनी शिंदे गटाचे आनंद भरोसे यांचा पराभव केला. राज्यभर शिंदे यांच्या शिवसेनेला ५७ आणि ठाकरे गटाला २० जागा मिळाल्या असताना हा निकाल प्रवाहाविरुद्ध होता. मराठवाड्यात ठाकरे गटाने जिंकलेल्या तीन जागांपैकी ही एक होय, उरलेल्या दोन धाराशिव जिल्ह्यातील आहेत.

जिल्ह्यातील इतर तिन्ही जागा मात्र महायुतीकडे गेल्या. जिंतूरमध्ये भाजपच्या मेघना बोर्डीकर, गंगाखेडमध्ये राष्ट्रीय समाज पक्षाचे रत्नाकर गुट्टे आणि पाथरीत अजित पवार यांच्या राष्ट्रवादीचे राजेश विटेकर निवडून आले. याच विटेकरांनी २०१९ मध्ये धनुष्यबाणाविरुद्ध लोकसभा लढवली होती, २०२४ मध्ये ते धनुष्यबाणवाल्यांचे मित्र होते. मधल्या सात महिन्यांत महिलांना दरमहा १,५०० रुपये देणारी लाडकी बहीण योजना सुरू झाली होती. लोकसभेला मशालीमागे गेलेला ग्रामीण मतदार विधानसभेला पुन्हा स्थानिक पुढाऱ्यांकडे वळला.